नव्या वहीची निवड : लहान व्यवसाय, सॉफ्टवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम

प्रस्तावना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुठल्याही गावच्या बाजारपेठेतून चालत जावे. पूर्वी पाटावर लाल कापडी बांधणीची कोरी वही असे आणि तिच्या पहिल्या पानावर स्वस्तिक रेखले जाई. आता अनेक दुकानांत त्या वहीशेजारी लॅपटॉप ठेवलेला दिसतो आणि त्याच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटे उमटलेली असतात. हे दृश्य मला मनापासून आवडते. वर्षभराचे देणेघेणे जिथे लिहिले जाणार, त्या जागेचा मान राखायचा ही व्यापाऱ्याची जुनी समज त्यात टिकून आहे. हा अभ्यासविषय त्याच समजेतून सुरू होतो. वही निवडताना आपले वाडवडील कागद, बांधणी, शाई पाहत असत. संगणकातली वही निवडताना काय पाहायचे?

प्रश्न किराणा दुकानदाराचा आहे, तसाच छापखान्याचा, औषधविक्रेत्याचा, चार कामगारांच्या वर्कशॉपचा आणि घरून मसाले विकणाऱ्या बचत गटाचाही आहे. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो. लहान व्यवसायात हा निर्णय मालक एकटा घेतो, बहुतेक वेळा दुपारच्या गिऱ्हाईक नसलेल्या अर्ध्या तासात आणि संगणक विकायला आलेल्या माणसाच्या भरवशावर. त्या मालकाला त्याच्याच भाषेत विचाराची साधने मिळावीत, या इच्छेने हे लेखन केले आहे. वाचकाला संगणकशास्त्र येत असावे अशी अपेक्षा नाही. आपला धंदा कसा चालतो हे त्याला माहीत आहे आणि निवडीचे निम्मे ज्ञान त्यातच आहे.

सगळ्यात आधी या क्षेत्राचे चार थर ओळखून घेऊ. खाली यंत्र, त्यावर विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यावर बिलाचे, हिशेबाचे, पत्रव्यवहाराचे सॉफ्टवेअर आणि सर्वांत वर आपल्या नोंदी. दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "कुठला कॉम्प्युटर घेऊ?" म्हणजे तो खालून वर चढू लागतो. इतिहास मात्र उलटी वाट दाखवतो. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये व्यवसाय व्यवस्थापन शिकत असताना फळ्यावर आकड्यांचे तक्ते मांडले जात. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागे. त्या कंटाळवाण्या श्रमातून १९७९ साली बॉब फ्रँकस्टन यांच्या साथीने व्हिजिकॅल्क हे सॉफ्टवेअर तयार झाले. ते आधी ॲपल २ या संगणकावर आले आणि केवळ ते वापरता यावे म्हणून व्यावसायिकांनी तो संगणक विकत घेतला. काम आधी ठरले, त्याला लागणारे सॉफ्टवेअर मग आले आणि त्यामागोमाग यंत्र आले. निवडीचा हाच क्रम आजही खरा आहे.

आपल्याकडची कथाही कामापासूनच सुरू होते. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब नीट सांभाळणारे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलगा भरत यांना ते लिहायला सांगितले. १९८६ साली बेंगळुरूत सुरू झालेले ते काम पुढे टॅली या नावाने देशभरच्या पेढ्यांवर पोचले. त्याच सुमारास आणि नंतरही गावोगावच्या जाणकार तरुणांनी डीबेस आणि फॉक्सप्रो या डेटाबेस साधनांत दुकानदारांना हवे तसे प्रोग्रॅम लिहून दिले. उसाचे वजन, दुधाचे फॅट, सुताचे काउंट अशा स्थानिक गरजा त्यांत अचूक बसत. पण फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ती २००४ साली आली आणि तिला मिळणारा आधार २०१५ साली थांबला. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी व्हॅट आला, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि प्रत्येक वेळी बिलाचा साचा बदलावा लागला. ज्यांच्याकडे प्रोग्रॅमचा मूळ सोर्स कोड होता, त्यांना तो दुसऱ्या कुणाकडून सुधारून घेता आला. ज्यांचा प्रोग्रॅम लिहिणारा नोकरीसाठी परगावी गेला होता आणि कोडही त्याच्याचपाशी होता, त्यांना पाटी कोरी करून बसावे लागले. म्हणून सॉफ्टवेअर विकत घेताना "हे काय करते?" या प्रश्नाइतकाच मोलाचा प्रश्न असतो, "कायदा बदलला की हे कोण बदलून देणार?"

ऑपरेटिंग सिस्टीम हा थर बहुतेकांच्या डोळ्यांआड राहतो. ती संगणकाबरोबर आलेली असते किंवा दुरुस्तीवाल्याने "टाकून" दिलेली असते. तिलाही आयुष्य असते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आधार संपल्यावर संगणक बंद पडत नाही, म्हणूनच धोका जाणवत नाही. नवी भोके सापडत राहतात आणि ती बुजवणारी ठिगळे येणे थांबते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरत होता त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते, ते सापडले. आपल्या बाजारात क्रॅक करून टाकलेले विंडोज पुष्कळ दिसते आणि पकडले जाऊ नये म्हणून त्याचे अपडेट अनेकदा मुद्दाम बंद ठेवतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. रोजच्या धंद्याच्या दृष्टीने पाहिले तरी, अपडेट बंद ठेवणे म्हणजे रात्री शटर अर्धे उघडे टाकून घरी जाणे.

विंडोजला पर्याय आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करायला सुरुवात केली होती. या दोन्हींच्या संगमातून उबुंटू, डेबियन यांसारख्या वापरायला, वाटायला आणि सुधारायला मोकळ्या प्रणाली घडल्या. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे विनामूल्य अपडेट मिळतात. पत्रे आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस आहे. उद्योगाचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारी ईआरपीनेक्स्ट ही मुक्त प्रणाली तर मुंबईतच घडली. विंडोज ११ च्या अटींत न बसणारा, पण उत्तम चालणारा संगणक लिनक्स टाकून पुढे कामात ठेवता येतो.

तरीही निर्णय तत्त्वावर सोडून चालत नाही, तो काउंटरवर तपासावा लागतो. टॅली मूळ विंडोजवर चालते. आपल्या कर सल्लागाराला टॅलीचीच फाइल लागत असेल, तर त्याच्याशी बोलल्याशिवाय काही बदलू नये. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, वजनकाटा, बारकोड स्कॅनर, कार्बन प्रतींसाठी ठेवलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर या प्रत्येकाला ऑपरेटिंग सिस्टीमशी बोलणारा ड्रायव्हर लागतो. तो आहे की नाही हे खरेदीआधी त्याच यंत्रांवर चालवून पाहावे. आणि घड्याळ हातात घ्यावे. दिवसाला ४० बिले होतात आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बिलाला अर्धे मिनिट जास्त लागते असे धरा. दिवसाची २० मिनिटे गेली आणि वर्षात ३०० दिवस दुकान उघडे असले तर १०० तास. सॉफ्टवेअरच्या किमतीत हे १०० तास कुठेच छापलेले नसतात आणि समोर रांगेत उभ्या गिऱ्हाइकाची चुळबुळही नसते. फुकट आणि महाग हे शब्द या हिशेबानंतरच वापरावेत.

मराठी व्यवसायाला आणखी एक कसोटी लावावी लागते, ती लिपीची. एका छापखान्यात मला टेबलाखाली जुना संगणक दिसला, वर टॉवेल पांघरलेला. मालकांनी तो केवळ लग्नपत्रिकांसाठी जपला होता. पंधरा वर्षांच्या पत्रिका त्यात एका जुन्या फॉन्टमध्ये साठवल्या होत्या. तीच फाइल त्यांनी माझ्यासमोर नव्या संगणकावर उघडली, तेव्हा "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे रांगेने उभी राहिली. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की आकार जातो आणि घर तेवढे उरते. यावर उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे कायमचे क्रमांक आहेत. मराठीला लागणारा स्वतंत्र "ॲ" त्यात २००८ साली आला. म्हणून कुठलेही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात "दुसऱ्या", "वऱ्हाड", "ॲड." आणि "ज्ञानेश्वर" हे शब्द टाइप करून बिल छापून पाहावे. पुष्कळ थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे भरलेली नसतात, अशा वेळी मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो आणि छपाई मंदावते. चार शब्दांच्या या परीक्षेतून जे कळते ते माहितीपत्रकातून कळत नाही.

ही अडचण आपल्या समाजाला नवी नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आजही आहेत. कागद टिकला, शाई टिकली, पण मोडी वाचणारे कमी झाले आणि जमाखर्चाचे, वतनांचे, पत्रव्यवहाराचे ते भांडार बहुतेकांसाठी मुके झाले. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ साली मिळाली. नोंद टिकणे आणि नोंद वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दफ्तराइतके स्पष्टपणे दुसरे कुणी सांगत नाही. टेबलाखालचा तो संगणक म्हणजे एका छापखान्याचे मोडी दफ्तरच होते.

माझ्या मते या क्षेत्राचा गाभा इथे आहे. संगणक पाच-सात वर्षांत थकतो, विंडोज १० ला दहा वर्षांचे आयुष्य लाभले, आणि जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. उधारीचे, भागीदारीचे, वारसाचे प्रश्न तर त्याहून लांब चालतात. चार थरांपैकी सर्वांत जास्त जगायचे असते ते नोंदींनाच. म्हणून निवड करताना कौल त्यांच्या बाजूने द्यावा. नोंदी उघड्या, सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतात का? लिबरऑफिस ज्या ओडीएफ स्वरूपात लिहिते ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. साधी सीएसव्ही फाइल तर जवळपास कुठल्याही प्रणालीत वाचता येते. क्लाउडवरचे, महिन्याला भाडे घेणारे सॉफ्टवेअर आज सोयीचे आहे, अपडेटची काळजी ते स्वतः घेते. पण भाडे थकले किंवा सेवा बंद झाली, तर आपले खाते-उतारे कसे मिळणार, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्यावे. भाड्याच्या जागेत दुकान चालवणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

यालाच जोडून येतो बॅकअप. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि पार न्हावा शेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. म्हणजे अपडेट आवश्यक असले तरी तेवढ्याने भागत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले. अशा पुरात संगणक आणि त्याच खणात ठेवलेला बॅकअपचा पेन ड्राइव्ह एकदमच बुडतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा नियम म्हणूनच शिकवला जातो. ती दुसरी जागा बहिणीचे घरही असू शकते.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. आधी आपल्या धंद्याच्या कामांची यादी, मग सॉफ्टवेअर, मग ऑपरेटिंग सिस्टीम, शेवटी यंत्र. प्रत्येक टप्प्यावर नोंदींचा विचार सोबत आहेच. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाची प्रकरणे जरूर वाचावीत. दुकानदार थेट चाचण्यांकडे गेले तरी चालेल. अमुकच घ्या असे कुठेही सांगितलेले नाही, कारण औषधाच्या दुकानाला जे शोभेल ते शिवणकामाच्या गटाला शोभेलच असे नाही.

पान उलटण्याआधी मात्र एक काम करावे. आज दुकान बंद करताना आपल्या सॉफ्टवेअरमधून गिऱ्हाइकांची आणि उधारीची यादी बाहेर काढावी आणि ती घरातल्या दुसऱ्या कुठल्याही संगणकावर उघडून पाहावी. नावे नीट मराठीत दिसली, आकडे जुळले, तर आपली वही आपल्याच ताब्यात आहे. यादी निघाली नाही किंवा उघडली नाही, तर आपला अभ्यास कुठून सुरू करायचा ते आपल्याला कळलेच आहे. या विषयात आपले मनापासून स्वागत.