नक्कल आणि मूळ : डीबगरच्या स्मृतिवाचनाची कथा

जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली. मूळ पोथी दूरच्या मठात आणि हाती तिची नक्कल, हा आमचा नेहमीचा पेच. तोच पेच संगणकाच्या इतिहासात भेटला, तेव्हा मला नवल वाटले.

प्रोग्रॅममधील चूक शोधण्याचे साधन म्हणजे डीबगर. चालता प्रोग्रॅम थांबवून त्याच्या स्मृतीत त्या क्षणी काय आहे, हे तो वाचून दाखवतो. परंतु एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या स्मृतीत परस्पर डोकावू नये, असा युनिक्सचा दंडक. म्हणून १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत 'पीट्रेस' नावाची सोय होती. एका विनंतीला एकच 'शब्द' मिळे. (यंत्राचा शब्द म्हणजे ठराविक लांबीचा अंकसमूह, हे नाव आम्हा भाषेच्या माणसांना विचारून ठेवलेले नाही!) पीडीपी-११ यंत्रावर तो दोन बाइटांचा, म्हणजे ४०९६ बाइटांसाठी २०४८ खेपा. त्यातही प्रत्येक खेपेला थांबलेल्या प्रोग्रॅमलाच क्षणभर जागे करून त्याच्याकरवी तो शब्द आणवीत.

१९८४ साली बेल प्रयोगशाळेतील टॉम किलियन यांनी चालत्या प्रोग्रॅमला फाइलीचे रूप दिले. आता हव्या त्या जागेपासून मोठा मजकूर एकाच विनंतीत वाचता येऊ लागला.

तपासायचे यंत्रच तारेच्या पलीकडे असेल, तर मात्र अडचण निराळी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी तारेवरून वाचताना साधारणतः एका बाइटाची दोन अक्षरे करून मागवतो. सेकंदाला ९६०० बिटांच्या तारेवर ४०९६ बाइट यायला साडेआठ सेकंद लागतात, आणि त्याच त्या जागा तर वारंवार वाचाव्या लागतात. यावर तोडगा निघाला तो नकलेचा: एकदा आणलेला भाग जवळ ठेवायचा. प्रोग्रॅम थांबलेला आहे तोवर ही नक्कल ग्राह्य. तो एक पाऊल जरी पुढे सरकला तरी ती टाकून द्यायची.

पण स्मृतीतल्या काही जागा कागदासारख्या स्थिर नसतात. तेथे एखाद्या उपकरणाची नोंदखिडकी असते. प्रोग्रॅम थांबला तरी तिच्यातला आकडा बदलत राहतो, आणि काही ठिकाणी तर नुसत्या वाचण्यानेही बदलतो. अशा जागांची नक्कल जीडीबी आपणहून ठेवत नाही, पण एखादा भाग नकलेस योग्य आहे असे त्याला सांगण्याची सोय आहे. अशा जागेबाबत चुकून तसे सांगितले, तर शोधणारा शिळा आकडा खरा मानतो आणि निर्दोष ओळीत रात्रभर दोष शोधत बसतो.