खांदेरी ते केनरी : रायगड किनाऱ्यावरील इंग्रजी नामनोंदी आणि इंग्रजी ध्वनिशास्त्र व शब्दविज्ञानाचे अध्यापन

प्रस्तावना

इंग्रजी विषयाच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात ध्वनिशास्त्र व शब्दविज्ञान या घटकांना स्थान मिळाल्यापासून महाविद्यालयीन वर्गांत एक ठरावीक चित्र दिसते. फळ्यावर मुखाची आकृती काढली जाते, स्वर-व्यंजनांचे तक्ते मांडले जातात आणि दक्षिण इंग्लंडमधील एका विशिष्ट सामाजिक वर्गाचा उच्चार आदर्श म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवला जातो. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली आपल्या उच्चारकोशात या उच्चाराला ‘पब्लिक स्कूल प्रोनन्सिएशन’ असेच नाव दिले होते. ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’ हे आज रूढ असलेले नाव त्यांनी १९२६ च्या आवृत्तीत स्वीकारले. एका शाळकरी वर्गाची बोली प्रमाण कशी ठरली, हे या नावाच्या बदलातच दिसते. पण पाठ्यपुस्तकांतून हा इतिहास सहसा वगळला जातो.

भारतात या विषयाच्या अध्यापनाला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय मुख्यतः १९५८ साली हैदराबाद येथे स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेकडे जाते. तेथील आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेविषयीचा प्रबंध १९६९ मध्ये प्रकाशित झाला. टी. बालसुब्रमण्यम यांचे भारतीय विद्यार्थ्यांसाठीचे पाठ्यपुस्तक १९८१ मध्ये आले आणि ते देशभर वापरले गेले. अलिबागसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी १९६१ साली महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून किनाऱ्यावरील आगरी, कोळी, भंडारी, माळी, मुस्लिम अशा अनेक समाजांतील मुलेमुली इंग्रजी विषयाकडे वळू लागली. त्यांच्या हाती पडलेली उदाहरणे मात्र लंडन किंवा हैदराबाद येथेच घडलेली होती.

वास्तविक ज्या किनाऱ्यावर हे वर्ग भरतात, तो किनारा इंग्रजी ध्वनिव्यवस्था आणि मराठी ध्वनिव्यवस्था यांच्या संघर्षाचे तीनशेहून अधिक वर्षांचे दप्तर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांनी येथील बेटे, बंदरे, माणसे आणि गलबते यांची नावे जशी ऐकली तशी कागदावर उतरवली. त्या नोंदी ‘अशुद्ध’ आहेत असे म्हणून इतिहासकार त्यांच्यावरून पुढे जातात. ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाला तसे करता येत नाही, कारण त्या अशुद्धतेला नियम आहेत.

हेंड्री-केंड्री

ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली थळसमोरील खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. पुढील काही महिने कॅप्टन केग्विन आदींनी या बेटाची नाकेबंदी करण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट ताब्यात घेऊन तेथे तोफा चढवल्या. या काळात मुंबई आणि सुरत यांच्या दरम्यान झालेल्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग १९३१ साली पुण्याहून प्रसिद्ध झालेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या संग्रहात उपलब्ध आहे. लढाईचा वृत्तांत म्हणून तो पुष्कळ वाचला गेला आहे. त्यातील नावांच्या लेखनाकडे त्या मानाने फारच कमी लक्ष गेले.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘हेंड्री केंड्री’ अशी स्वतंत्र नोंद आहे. तीत या दोन बेटांच्या नावांची इंग्रजी रूपे एकत्र दिली आहेत. उंदेरीसाठी हंड्री, ओंडेरा, हुनारे, हेनरी. खांदेरीसाठी कुंड्रा, कंड्री, कुनारे, केनरी. फिलिप अँडरसन या पूर्वीच्या लेखकाने तर मूळ नावेच हनेरी व खनेरी अशी मानली होती. म्हणजे कारकुनाचा कान विद्वानानेही प्रमाण धरला. कुलाबा व जंजिरा यांविषयीचा मुंबई गॅझेटिअरचा खंड १८८३ साली निघाला. गॅझेटिअरमधील उंदेरी व खांदेरी हीच खरी नावे, असा निर्वाळा कोशकारांनी दिला आहे.

ही रूपे एकेक करून तपासली असता काय दिसते? खांदेरीतील ‘ख’ हा महाप्राण सर्वत्र ‘क’ झाला आहे. इंग्रजीत शब्दारंभीचा ‘क’ मुळातच श्वासाच्या झोताने उच्चारला जातो. पण तेथे क आणि ख यांच्यामुळे अर्थभेद होत नाही. म्हणून इंग्रजाला ख ऐकू आला तरी तो वेगळा वाटला नाही. हाच नियम उलट दिशेने पाहिला की आजच्या वर्गातील एक नेहमीची तक्रार उलगडते. मराठी विद्यार्थी ‘कॅट’ शब्द अल्पप्राण ‘क’ने उच्चारतो आणि इंग्रज श्रोत्याला तो ‘ग’च्या जवळचा वाटतो. दोघांचेही कान ठीक असतात. प्रत्येक जण आपल्या भाषेतील स्वनिमांच्या चाळणीतून ऐकत असतो.

‘द’ची कथा याहून रंजक आहे. केनरी या रूपात द गळाला आहे, तर हेंड्री या रूपात टिकला आहे. न आणि र यांच्यामध्ये ‘द’सारखा ध्वनी येणे-जाणे ही इंग्रजीच्या इतिहासातील जुनी प्रवृत्ती होय. ‘थंडर’ या शब्दाच्या जुन्या इंग्रजी रूपात ड नव्हता. तो न आणि र जवळ आल्यावर मागाहून शिरला. हेन्री या व्यक्तिनामाचेही हेंड्री हे रूप इंग्रजीत रूढ आहे. मराठी शिक्षकाला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ‘वानर’ या संस्कृत शब्दापासून हिंदीत ‘बंदर’ आणि आपल्या बोलींत ‘वांदर’ झाला, तो नेमका याच मार्गाने. जीभ न वरून र कडे जाताना नाकाची वाट क्षणभर आधी बंद झाली की मध्ये द ऐकू येतो. दोन भाषांत एकच शरीर काम करते, हे वर्गात दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

उंदेरीच्या आरंभी आलेला ‘ह’ मात्र केवळ ध्वनिनियमाने स्पष्ट होत नाही. येथे शब्दविज्ञान मदतीला येते. अनोळखी नावाला ओळखीच्या शब्दाचा पोशाख चढवणे याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. इंग्रज खलाशाला ‘उंदेरी’ परके होते, ‘हेन्री’ घरचे. एकदा उंदेरीचा हेन्री झाला की त्याच्या जोडीला यमक साधणारी केनरी आलीच. यूल आणि बर्नेल यांच्या कोशाचे नावही याच वृत्तीतून आले आहे. मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश ब्रिटिश सैनिकांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला. परक्या शब्दाला स्वभाषेच्या ध्वनींत बसवण्याच्या प्रवृत्तीला पुढे ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ असेच म्हटले जाऊ लागले. थळच्या वाळूवरून दिसणारी दोन बेटे या नियमाचे उदाहरण आहेत, ही गोष्ट येथील इंग्रजीच्या विद्यार्थ्याला पदवी मिळेपर्यंत कळत नाही.

चौल, आंग्रे आणि शिवाजी

चौलच्या नावाचा प्रवास इंग्रजांच्या फार आधीचा आहे. कान्हेरीच्या लेखांत चेमुल, पेरिप्लसमध्ये सेमुल्ला, टॉलेमीकडे सिमुल्ला, मसूदी आदी अरब लेखकांकडे सैमूर, पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी अफानासी निकितीन याच्याकडे चिविल आणि इंग्रजांकडे चौल अशी ही मालिका आहे. ग्रीक आणि अरबीत ‘च’ नसल्याने दोघांनीही ‘स’ची सोय केली. अधिक महत्त्वाचा आहे तो मधला ‘म’. ग्रामचे गाव, नामाचे नाव, तसे चेमुलचे चेंवल आणि पुढे चौल. ज्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथात या ‘म’च्या ‘व’चा विचार केला आहे. वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली त्याचा मराठी अनुवाद केला. दहाव्या शतकातील अरब लेखनात म आहे आणि निकितीनच्या लेखनात व आहे. परदेशी लेखक जुनी लिखित रूपे पुढे चालवतात हे लक्षात ठेवूनही, एका बंदराच्या नावातून भाषेतील बदलाचा असा माग लागणे मोलाचे आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने सिंक्लेअर यांच्या आधारे या नावाचा स्थानिक उच्चार ‘त्स’ने सुरू होतो असे नोंदवले आहे. चमचा आणि चहा यांतील दोन निरनिराळ्या ‘च’कारांची जाण त्या काळच्या एका मुलकी अधिकाऱ्याला होती.

कान्होजी आंग्रे यांना इंग्रजी लेखनात ‘आंग्रिया’ म्हटले आहे. ‘आंग्रे’ या आदरार्थी बहुवचनी रूपाला हे शेपूट कोठून चिकटले? मराठीत विभक्तिप्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते : आंग्र्यांचा, आंग्र्यांनी, आंग्र्यांकडे. मुंबईकर व्यापाऱ्यांच्या आणि दुभाष्यांच्या तोंडी हेच रूप अधिक वेळा येत असणार. इंग्रजांनी नाम म्हणून सामान्यरूप उचलले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. म्हणजे ‘आंग्रिया’ हा उच्चाराचा दोष नसून त्यात मराठी व्याकरणाचा एक तुकडा शिल्लक राहिला आहे.

कंपनीच्या कागदांतील ‘सेवाजी’ हे लेखनही असेच विचार करायला लावते. इंग्रजीत ‘श’ ध्वनी आहे. तो कारकुनाला सहज लिहिता आला असता. तरीही स लिहिला गेला, याचे एक संभाव्य कारण असे की त्याला नाव सांगणाऱ्याच्या तोंडीच स होता. किनाऱ्यावरील आगरी-कोळी बोलींत श आणि स यांची अशी सरमिसळ आजही कानी पडते.

गुराब, गलबत, लाँच

नौकांच्या नावांत शब्दविज्ञानाचे प्रमुख प्रश्न एकत्र भेटतात. आंग्र्यांच्या आरमारातील ‘गुराब’ हा शब्द अरबी ‘घुराब’, म्हणजे कावळा, यावरून आला आणि इंग्रजीत तो ‘ग्रॅब’ झाला. इंग्रजीत ‘ग्रॅब’ म्हणजे हिसकावून घेणे हा शब्द आधीपासूनच होता. त्याचे कूळ जर्मानिक आहे. एक शब्द अनेक अर्थांचा असणे आणि दोन भिन्न शब्द योगायोगाने सारखे दिसणे यांतील भेद शिकवताना पाठ्यपुस्तके नदीचा काठ आणि पैशाची पेढी असे दोन्ही अर्थ असणारा ‘बँक’ शब्द देतात. कुलाबा किल्ल्याच्या तटावरून ‘ग्रॅब’ शिकवला तर तो अधिक काळ लक्षात राहील. ‘गलबत’ इंग्रजीत ‘गॅलिव्हॅट’ झाले आणि काही कागदांत त्याचे लेखन असे झाले की त्यात ‘गॅली’ हा परिचित शब्द दिसू लागला. त्याच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. बोंबलाचा ‘बॉम्बे डक’ झाला. डाकगाडीवरून हे नाव पडले ही लोकप्रिय कथा टिकत नाही, कारण १८५३ साली रेल्वे धावण्याआधीच्या लेखनातही ते सापडते.

गेटवेहून मांडव्याला येणारी ‘लाँच’ आज प्रत्येक अलिबागकराच्या तोंडी आहे. नौका या अर्थाचा हा इंग्रजी शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज ‘लांचा’वरून आला आणि त्याच्यामागे मलय भाषेतील शब्द असावा असे कोशकार मानतात. जहाज पाण्यात सोडणे किंवा पुस्तक बाजारात आणणे या अर्थाचे ‘लाँच’ हे क्रियापद निराळ्या, फ्रेंच वाटेने आलेले आहे.

उत्तरपत्रिकेतील चूक

कंपनीच्या कारकुनाची चूक नियमबद्ध असेल, तर विद्यार्थ्याची का नसावी? या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर मराठी भाषकाकडूनच १९५७ साली दिले गेले आहे. अशोक रा. केळकर यांनी ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजीवर निबंध लिहिला आणि परक्या भाषेतील हा हेल मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतून कसा निपजतो ते मांडले. जी उपपत्ती एका मराठी अभ्यासकाने अशी मांडली, ती मराठी मुलखातील वर्गांत फारशी ऐकू येत नाही, याचे नवल वाटते.

भारतीयांना इंग्रजीतील ओष्ठ्य आणि दंतोष्ठ्य ‘व’ वेगळे करता येत नाहीत, हे विधान पाठ्यपुस्तकांतून सरसकट शिकवले जाते. मराठीच्या बाबतीत ते तपासून घ्यायला हवे. मराठी माणूस ‘वॉर्ड’, ‘वायर’, ‘वॉरंट’ लिहितो. पण ‘व्हॅन’, ‘व्होट’, ‘व्हिटॅमिन’ लिहितो. ‘व्ह’ हा इंग्रजीतील दंतोष्ठ्य ध्वनी नव्हे हे खरे, परंतु भेद ऐकला गेला आहे आणि तो स्वभाषेतील साधनांनी जपलाही गेला आहे. कारकुनाने ‘ख’ गमावला, मराठी कानाने ‘व्ह’ राखला. या उत्तराला शून्य गुण देणारा परीक्षक पुस्तकातील विधान तपासतो, विद्यार्थ्याचा उच्चार तपासत नाही.

दुसरी बाब आगरी-कोळी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची. त्यांच्या बोलीत ‘ण’चा न आणि ‘ळ’चा ल होतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले म्हणून शाळेत हसे झालेली मुले इंग्रजीच्या तासालाही गप्प बसतात. वस्तुतः इंग्रजीत ण आणि ळ हे स्वतंत्र स्वनिम नाहीत. तेथे लागणारे दंतमूलीय न आणि ल या मुलांच्या जिभेवर आधीच असतात. प्रमाण मराठी बोलणाऱ्या त्यांच्या वर्गबंधूंपेक्षा या बाबतीत त्या कोठेही मागे नाहीत. त्यांना सरावाची गरज असते ती श आणि स वेगळे ठेवण्याची, म्हणजे ‘शिप’ आणि ‘सिप’ यांची. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत महाडच्या कुणबी बोलीवर स्वतंत्र खंड आहे. रायगड जिल्ह्यातील इंग्रजी विभागाने हा खंड बालसुब्रमण्यम यांच्या पुस्तकाशेजारी ठेवला, तर कोणत्या बोलीच्या विद्यार्थ्याला नेमका कोणता ध्वनी अवघड जाईल हे पहिल्या सत्राच्या आधीच सांगता येईल.