उभ्या मोटारीला उन्हाचा आधार

मोटार धांवतांना तिला पेट्रोल लागतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती उभी असतांनाही कांहीं ना कांहीं खात असते, ही गोष्ट २०२० सालच्या मार्च महिन्यापर्यंत पुष्कळांच्या लक्षांत आली नव्हती. त्या वर्षीं २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि पुण्यामुंबईच्या सोसायट्यांच्या आवारांत मोटारी आठवडेच्या आठवडे जागच्या जागीं उभ्या राहिल्या. पुढें गरज पडून किल्ली फिरवावी, तों आंतून नुसता ‘टक्’ असा आवाज यावा आणि समोरचे दिवे मिणमिणून विझावेत, असा अनुभव अनेकांना आला. ज्याच्या घरांत त्या वेळीं रुग्णालयांत न्यावयाचें माणूस होतें, त्याला तो ‘टक्’ कसा वाटला असेल हें मीं सांगावयास नको.

अशा उभ्या मोटारीची बॅटरी सूर्यप्रकाशावर जिवंत ठेवणारें एक लहानसें सोलर पॅनेल आज बाजारांत सहज मिळतें. वहीच्या पानाएवढी ती वस्तु. पण तिची वंशावळ मोठी आहे, आणि श्रोतेहो, ती वंशावळच आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

या वंशावळीच्या दोन शाखा आहेत: एक प्रकाशापासून वीज करणारी, दुसरी वीज सांठवून ठेवणारी. नवलाची गोष्ट अशी कीं, दोन्ही शाखा पॅरिस शहरांतल्या एकाच ओळखीच्या वर्तुळांत उगवल्या. १८३९ सालीं एदमोंद बेकरेल नांवाच्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या तरुणानें द्रवांत बुडविलेल्या धातूच्या पत्र्यांवर प्रकाश पाडला असतां विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, असें दाखविलें. हाच बेकरेल पुढें पॅरिसच्या कला व उद्योग विद्यालयांत पदार्थविज्ञानाचा अध्यापक झाला, आणि त्याच्या हाताखालीं प्रयोगांची मांडणी करण्यास १८५४ सालीं जो साहाय्यक आला, त्याचें नांव गास्तोंं प्लांते. या प्लांतेनें १८५९ सालीं शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लांत ठेवून असा घट तयार केला कीं, त्याची वीज संपली असतां उलट दिशेनें प्रवाह सोडून तो पुन्हा भरतां यावा. आपल्या मोटारींतली बॅटरी ती हीच. १८८१ सालीं फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप चढवून तिची धारणशक्ति वाढविली, एवढाच काय तो मोठा फेरफार. मूळ रसायन अद्याप प्लांतेचेंच आहे. गुरूनें प्रकाशापासून वीज काढली, शिष्यानें ती कोंडून ठेवण्याचें भांडें घडविलें. आणि तरीही या दोहोंची खरी गांठ पडावयास जवळजवळ शंभर वर्षें जावीं लागलीं.

मधल्या काळांत मोटार जन्मास आली. प्रारंभीं तिला बॅटरीवांचून फारसें अडत नसे. समोरच्या हँडलाला हिसका देऊन एंजिन चालू करीत. त्या उलट्या हिसक्यानें मनगटें मोडत, जबडे फुटत. ही पीडा चार्ल्स केटरिंग या अमेरिकन एंजिनियरनें दूर केली. ओहायो प्रांतांतल्या डेटन गांवीं तो पूर्वीं गल्ल्याचीं यंत्रें करणाऱ्या कारखान्यांत होता, आणि गल्ल्याचा खण उघडण्यासाठीं क्षणभरच पण जोरानें फिरणारी लहान विद्युत्मोटर त्यानें तेथें योजिली होती. एंजिनालाही असाच क्षणभरचा जोर पुरे, हें त्यानें ओळखलें, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत विजेच्या मोटरीनें चालू होणारें एंजिन आलें. सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं. पण त्याच दिवशीं मोटार बॅटरीची अंकित झाली. आपल्याकडे अँबॅसडर मोटारीला पुढून हँडल मारून चालू करणारे ड्रायव्हर आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिले असतील. तें हँडल गेलें; आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या आजच्या मोटारी चार माणसांनीं ढकलूनही चालू होत नाहींत.

आतां दुसऱ्या शाखेकडे वळूं. १८८३ सालीं न्यूयॉर्क शहरीं चार्ल्स फ्रिट्स यानें सेलेनियमचा सौरघट केला खरा, पण पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम शंभरावा हिस्सा वीज होई. पुढची खरी मजल गांठली गेली ती अमेरिकेंतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत, आणि तीही जगाला सूर्यशक्ति देण्याच्या उदात्त हेतूनें नव्हे. उष्ण व दमट प्रदेशांतल्या आडबाजूच्या टेलिफोनांचे कोरडे घट लवकर नासत. त्यांना पर्याय शोध, असें डॅरिल चॅपिन या एंजिनियरला सांगण्यांत आलें होतें. चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन या तिघांनीं सिलिकॉनचा सौरघट सिद्ध करून २५ एप्रिल १९५४ रोजीं तो लोकांस दाखविला. प्रकाशाचे सुमारें सहा टक्के त्यांत विजेंत उतरत.

पुढल्या वर्षीं दोन प्रयोग झाले, आणि त्यांची तुलना मला फार उद्बोधक वाटते. ३१ ऑगस्ट १९५५ रोजीं शिकागोच्या प्रदर्शनांत जनरल मोटर्स कंपनीच्या विल्यम कॉब यानें सूर्यप्रकाशावर पळणारी मोटार दाखविली. ती होती पंधरा इंच लांबीची. तिच्या पाठीवर सेलेनियमचे बारा घट बसविलेले होते. बघ्यांना मौज वाटली असेल. परंतु त्या खेळण्यांत कोणालाही बसतां येण्याजोगें नव्हतें. त्यानंतर पांच आठवड्यांनीं, ४ ऑक्टोबर रोजीं, जॉर्जिया प्रांतांतल्या अमेरिकस गांवाजवळ टेलिफोनच्या एका खांबावर सिलिकॉनच्या घटांचें पॅनेल चढविण्यांत आलें. दिवसां त्यानें बॅटरी भरावी आणि रात्रीं बॅटरीनें टेलिफोन चालवावा, अशी योजना. बेकरेलची वीज प्लांतेच्या भांड्यांत अशी पडली. यंत्र चाललें, पण परवडलें नाहीं. १९५६ सालीं एका वॅटच्या सौरघटाला २८६ डॉलर पडत. प्रयोग कांहीं महिन्यांनीं आवरला गेला.

जेथें पैशाचा हिशेब मागें पडतो, तेथें मात्र या घटाचें स्वागत झालें. १७ मार्च १९५८ रोजीं अमेरिकेनें व्हॅनगार्ड नांवाचा लहानसा उपग्रह सोडला. त्यांत दोन प्रक्षेपक होते. रासायनिक घटावरचा प्रक्षेपक जूनमध्येंच मुका झाला. सौरघटांवरचा १९६४ सालापर्यंत बोलत राहिला. पुढें १९७३ सालीं एलियट बर्मन यानें एक्सॉन तेल कंपनीच्या पैशावर सौरघटांचा कारखाना काढला आणि किंमत पुष्कळ खालीं आणली. मेक्सिकोच्या आखातांतल्या तेलविहिरींच्या मंचांवर जहाजांना इशारा देणारे दिवे व भोंगे असत. त्यांचे अवजड घट बोटीनें नेऊन बदलावे लागत. ती यातायात पॅनेलानें वांचली.

टेलिफोनचा खांब, समुद्रांतला दिवा आणि दारांत उभी असलेली मोटार या तिघांची अडचण एकच. खर्च अगदीं थोडा, पण अखंड; आणि तो भरून काढणारें कोणी जवळ नाहीं. घड्याळ, चोरघंटा, किल्लीच्या हांकेची वाट पाहणारें यंत्र यांपायीं उभी मोटार साधारण ३० मिलीअँपिअर प्रवाह ओढते असें धरूं. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आंतच भरतें. पण ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरींतलें निम्में धन महिन्याभरांत संपतें. शिवाय शिशाची बॅटरी स्वतःच्या आंतही झिजत असते, आणि उन्हाळ्यांत अधिकच. सर्वांत वाईट हें कीं, अर्धरिती बॅटरी तशीच पडून राहिली तर तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे टणक स्फटिक धरतात. मग ती भरली तरी पूर्वींइतकी भरत नाहीं.

येथें पांच वॅटांचें पॅनेल पुरे पडतें. चांगल्या उन्हांत तें पाव अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह देतें; चारपांच तासांत एक ते सव्वा अँपिअर-तास जमा होतात, म्हणजे दिवसाचा खर्च भागून थोडें उरतेंच. कांचेमागें ठेवल्यास मिळकत बरीच घटते. रात्रीं हेंच पॅनेल उलट बॅटरींतून वीज शोषूं लागेल, म्हणून मध्यें डायोड, म्हणजे विजेची एकमार्गी झडप, लागते. पॅनेल वीस-पंचवीस वॅटांचें असेल तर नियंत्रकही हवा. नाहींतर भरलेल्या बॅटरींत वीज कोंबली जाऊन तिच्यांतलें पाणी वायुरूपानें उडून जातें. आणखी एक गंमत: कित्येक जण हें पॅनेल सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत जोडतात, आणि पुष्कळ मोटारींत किल्ली काढतांच ती खोबण बंद पडते! पॅनेल दिवसभर तापतें आणि बॅटरी उपाशी राहते. तारा थेट बॅटरीच्या टोकांशीं, मध्यें फ्यूज घालून, जोडाव्या हें उत्तम.

मेलेल्या बॅटरीला मात्र या पॅनेलानें उठवूं पाहूं नये. दिवसाला एका अँपिअर-तासाच्या मापानें ती भरावयास दीड महिना लागेल. तिला भिंतीवरच्या विजेचा चार्जरच हवा. कोंकणांतल्या आषाढश्रावणाच्या झाकोळांत मिळकत अगदींच रोडावते, आणि पॅनेलाच्या एका कोपऱ्यावर झाडाची सावली पडली तरी एका सरींत जोडलेल्या सर्वच घटांचा प्रवाह अडतो. तळघरांत मोटार ठेवणाऱ्यांना तर ऊन कोठलें मिळणार? त्यांनीं महिनाभर गांवाला जातांना बॅटरीचें ऋण टोक सोडवून ठेवावें, आणि परत आल्यावर मोटारींतलें घड्याळ तेवढें पुन्हा लावून घ्यावें.