अमरावतीचा परकोट

अमरावतीच्या जुन्या शहराभोवतीची दगडी तटबंदी. वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराने गब्बर झालेल्या या पेठेवर पेंढाऱ्यांची नजर होती. सावकार व व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजाम सरकारने 1807 मध्ये तटबंदीचे काम सुरू केले. परकोटाचा घेर सुमारे साडेतीन किलोमीटर असून भिंतींची उंची 20 ते 26 फूट आहे. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या होत्या. खिडकी म्हणजे तटातील लहान दार. गाड्यांची वाहतूक मोठ्या दरवाजांतून चाले. खुनारी खिडकीचे नाव तिच्याजवळ झालेल्या रक्तपातावरून पडले. अंबा दरवाजा अंबादेवीच्या मंदिराच्या बाजूला उघडतो.

वऱ्हाडातील दुसरी तटबंदी म्हणजे अकोल्याचा असदगड हा मोगल अंमलातील किल्ला. असद खानाने 1697 च्या सुमारास तो बांधला. अमरावतीचा परकोट मात्र व्यापारी वस्तीसाठी उभारलेला आहे, आणि त्याचे खरे मोल यातच आहे.

शहराच्या बंदोबस्ताशी दरवाजांचे नाते आजही टिकून आहे. नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट ही पोलीस ठाणी त्या दरवाजांच्याच नावाने ओळखली जातात. जवाहर गेटच्या काळ्या दगडी कमानीखालून दुचाकी, हातगाड्या आणि बाजारकरूंची ये-जा दिवसभर चालू असते. ठिकठिकाणी तटाला खेटून घरे व दुकाने उभी राहिली आहेत. उरलेल्या दगडी बांधणीची काळजीपूर्वक जपणूक तातडीने व्हायला हवी.