दोन कारंजीं आणि एक परवानगी

सार्वजनिक उद्यानांत एखादें शिल्प दिसलें म्हणजे तें कोणाचें आणि कोणीं घडविलें, एवढें आपण विचारतों. तें तेथें उभें करण्याची परवानगी कोणीं दिली, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक पाहतां शिल्पाचें भवितव्य कारागिराच्या छिन्नीइतकेंच नगरसंस्थेच्या ठरावावर अवलंबून असतें. न्यू यॉर्क शहरांतील दोन कारंज्यांची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें. तीवरून माझ्या म्हणण्याची सत्यता आपल्या ध्यानीं येईल.

पहिलें कारंजें सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानांतील. १८५८ सालीं या उद्यानाच्या आराखड्यासाठीं झालेल्या स्पर्धेंत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांची योजना पहिली आली. शहराच्या गजबजाटानें थकलेल्या माणसाला येथें हिरवळ, वृक्ष आणि पाणी दिसावें, पुतळ्यांची गर्दी दिसूं नये, असा त्या दोघांचा कटाक्ष होता. तरीही उद्यानाच्या मध्यभागीं, तलावाच्या कांठीं, एका भव्य शिल्पाला त्यांनीं जागा ठेविली. तें काम एमा स्टेबिन्स या शिल्पकर्त्रीकडे गेलें. तिनें पंख पसरलेली एक देवदूत-मूर्ति घडविली. तिच्या एका हातांत कमळासारखें लिलीचें फूल असून दुसऱ्या हातानें ती खालच्या पाण्याला आशीर्वाद देत आहे. १८४२ सालीं क्रोटन नदीचें शुद्ध पाणी नळांनीं शहरांत आलें, त्याचें हें स्मारक. दूषित विहिरींचें पाणी पिणाऱ्या आणि पटकीच्या सांथी सोसलेल्या शहराला या पाण्याचें मोल निराळें सांगावयास नको होतें.

१८७३ मध्यें या मूर्तीचें अनावरण झालें. न्यू यॉर्क शहरानें मोठें सार्वजनिक शिल्प एका स्त्रीकडून करवून घेतल्याचें हें पहिलेंच उदाहरण. परंतु एक गोष्ट लपवून चालणार नाहीं. तिचे बंधु हेन्री स्टेबिन्स उद्यान-मंडळाचे अध्यक्षपद भूषविणारे गृहस्थ होते, आणि बहिणीला हें काम मिळावें म्हणून त्यांनीं आपलें वजन खर्ची घातलें होतें. मूर्ति पाहून वृत्तपत्रांनीं नाकें मुरडलीं. आज त्याच मूर्तीवांचून त्या उद्यानाची कल्पनाहि कोणास करवत नाहीं. शिफारशीनें मिळालेलें काम उत्तम निघालें हें शहराचें भाग्य. पण नगराचा कारभार भाग्यावर सोंपवितां येत नाहीं.

ही जाणीव शहराला हळूहळू झाली. श्रीमंत दाते, निरनिराळ्या देशांतून येऊन स्थायिक झालेले समाज, कवींचे व सेनानींचे चाहते, सर्वांनाच आपापल्या थोर पुरुषाचा पुतळा उद्यानांत हवा होता. १८९८ च्या आरंभीं पांच विभाग एकत्र येऊन बृहत् न्यू यॉर्क अस्तित्वांत आलें. त्याच्या नव्या सनदेनें एक कला-आयोग नेमला. महापौर, शहरांतील प्रमुख संग्रहालय व ग्रंथालय यांसारख्या संस्थांचे प्रतिनिधि, एक चित्रकार, एक शिल्पकार, एक स्थापत्यविशारद आणि कलाव्यवसायाबाहेरचे कांहीं नागरिक, अशी त्याची रचना होती. या आयोगाच्या संमतीशिवाय कोणतीहि कलाकृति, मग ती देणगी कां असेना, शहराच्या जागेवर उभी राहूं शकत नव्हती. आतां तरी वशिल्याचा प्रश्न मिटला, असें कोणासहि वाटावें.

येथें दुसरें कारंजें आपल्या कथेंत येतें. अँजेलिना क्रेन नांवाच्या एका बाईनें सार्वजनिक कारंज्यासाठीं पन्नास हजार डॉलरांहून अधिक रक्कम मृत्युपत्रानें शहराला ठेविली होती. त्या पैशांतून नगरभवनासमोरील उद्यानांत कारंजें उभारण्याचें काम १९०९ सालीं फ्रेडरिक मॅकमॉनीस या विख्यात शिल्पकाराला देण्यांत आलें. त्यानें 'नागरिक सद्गुण' हा विषय निवडला. खांद्यावर तलवार घेतलेला एक धिप्पाड तरुण ताठ उभा आहे, आणि त्याच्या पायांशीं दोन जलकन्या गुंतून पडल्या आहेत. तरुण म्हणजे सद्गुण. जलकन्या म्हणजे मोह आणि दुर्गुण. कला-आयोगानें संमति दिली आणि संगमरवर कोरला जाऊं लागला. मधल्या काळांत महायुद्ध आलें, वर्षें लोटलीं.

पण तेवढ्या वर्षांत शहर बदललें होतें! १९१७ सालीं न्यू यॉर्क राज्यांत आणि १९२० सालीं साऱ्या संयुक्त संस्थानांत स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९२२ मध्यें पुतळा बसविण्याची वेळ येतांच स्त्रियांनीं सवाल केला: सद्गुण तेवढा पुरुष आणि दुर्गुण तेवढा स्त्री, हें कोणीं ठरविलें? महापौर हायलन यांनीं मार्च महिन्यांत जाहीर सुनावणी ठेविली. हें केवळ रूपक आहे, खऱ्या स्त्रियांशीं त्याचा संबंध नाहीं, असें शिल्पकाराच्या बाजूनें सांगण्यांत आलें. सुनावणी झाली, पण दगड कोरून झाला होता, पैसा खर्च झाला होता, संमति देऊन झाली होती. पुतळा त्याच वर्षीं उभा राहिला.

यांत न्याय कोणाच्या बाजूला होता? माझ्या मतें स्त्रियांचा आक्षेप शिल्पकाराच्या कसबावर नव्हता, तर नगराच्या सहीवर होता. एखाद्या कलावंतानें आपल्या घरांत हवें तें रूपक कोरावें. पण नगरभवनाच्या दारांत जें उभें राहतें तें सर्व नागरिकांच्या नांवानें बोलतें. आयोगाची परवानगी कायदेशीर होती, यांत शंका नाहीं. मात्र कृति सुंदर आहे कीं नाहीं, एवढेंच त्यानें पाहिलें; तिच्या छायेंतून रोज ये-जा करणाऱ्यांना त्यानें विचारलें नाहीं.

याची दुसरी बाजूहि आहे. लोकांच्या पहिल्या नापसंतीबरोबर शिल्पें हलवावयाचीं म्हटलीं, तर वृत्तपत्रांनीं नांवें ठेविलेली ती देवदूत-मूर्तिहि १८७३ सालींच काढावी लागली असती. म्हणून जाणत्यांचें मत नको, असें म्हणून भागत नाहीं. आणि लोकांचें मत नको, असेंहि म्हणवत नाहीं. प्रश्न आहे तो वेळेचा. लोकांना विचारावयाचें तें नमुना मातीचा असतांना. संगमरवर झाल्यावर विचारणें म्हणजे केवळ उपचार होय.

न्यू यॉर्कनें हा धडा थोडाबहुत घेतला. त्या आयोगाचें नांव २००८ पासून सार्वजनिक रचना आयोग असें झालें असून, त्याच्यापुढें कामें कल्पनेपासून अंतिम रूपापर्यंत टप्प्याटप्प्यानें तपासलीं जातात. शिवाय १९६७ पासून उद्यान-खातें कलावंतांना ठराविक मुदतीपुरतीं शिल्पें मांडूं देतें. मुदत संपली कीं शिल्प उचलावयाचें आणि जागा होती तशी करून द्यावयाची. कायमच्या परवानगींत चूक झाली तर ती पिढ्यान्‌पिढ्या भोंवते. मुदतीच्या परवानगींत ती मुदतीबरोबर संपते.

आणि त्या दोन कारंज्यांचें काय झालें? 'नागरिक सद्गुण' १९४१ सालीं नगरभवनासमोरून उचलून क्वीन्स विभागांत नेण्यांत आला. तेथें उन्हापावसानें तो झिजला, आणि २०१२ मध्यें त्याची रवानगी ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमींत झाली. रीतसर परवानगी मिळालेल्या त्या पुतळ्याला नगराच्या चौकांत जागा उरली नाहीं. एमा स्टेबिन्सची देवदूत-मूर्ति मात्र आपल्या जागीं उभी आहे, आणि दमलेले नागरिक तिच्या पाण्याच्या कांठावर येऊन बसतात.