कनवटीपासून खात्यापर्यंत

उजनी येथे भीमा अडवली गेली, १९८० साली धरण पुरे झाले आणि करमाळा, इंदापूर, दौंड व कर्जत या तालुक्यांतील नदीकाठची कसदार जमीन देवळांसह धरणाच्या यशवंतसागर जलाशयात बुडाली, त्या वेळी मोबदल्याचे कागद खातेदारांच्या नावे निघाले. आणि महसुली दप्तरात खातेदार बहुधा पुरुषच असल्यामुळे, त्या मातीत जन्मभर खुरपे चालविणाऱ्या स्त्रीचे नाव त्या व्यवहारात क्वचितच उमटले.

शेत गेले, तशी मासळी आली. पुरुषांनी होडीतून जाळी टाकावी, भिगवणच्या बाजारात लिलाव व्हावा, आणि चिलापी, रोहू, मरळ यांची पाटी डोईवर घेऊन बायकांनी गावोगाव फिरावे, असा क्रम काठावर रुळला. दिवसाची रोकड लुगड्याच्या कनवटीला बांधली जाई. ती गाठ तिच्या एकटीच्या कबजातील तिजोरी होती. परंतु तिला दस्त नव्हता, म्हणून पत नव्हती, आणि अडचणीच्या प्रसंगी सावकाराचे व्याज चुकत नव्हते.

नाबार्डने १९९२ साली बचतगटांची बँकांशी सांगड घातली, २०१४ साली जनधन खाती आली, आणि पासबुकावर तिचे नाव प्रथमच स्वतंत्रपणे चढू लागले. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा घरच्यांच्या नकळत साठविलेली स्त्रीधनाची पुंजी डब्यांतून उजेडात आणणे भाग पडले. फोनवरून थेट खात्यात पैसे पाठविण्याच्या यूपीआयची सुरुवात त्याच वर्षीच्या एप्रिलात झाली होती.

आता पाटीशेजारी त्याच यूपीआयच्या क्यूआरचा फलक असतो, आणि जमा झालेली रक्कम छोटी पेटी मराठीतून मोठ्याने सांगते. अक्षरओळख नसलेल्या विक्रेतीला हा मोठा आधार आहे, आणि रोजच्या विक्रीची नोंद बर्फाची पेटी घेण्यासाठी कर्ज मागताना तिच्या बाजूने साक्ष देऊ शकते. मात्र कनवटीचे मौन त्या बोलक्या पेटीपाशी नाही. आणि खाते तिचे, पण फोन मुलाच्या खिशात व पिन नवऱ्याला ठाऊक, अशी स्थिती असेल, तर तिची कमाई तिच्या हाताला न लागताच परस्पर खर्च होते.

धरणाच्या वेळी जे नाव उताऱ्यावर नव्हते, ते आज खात्यावर आहे. त्या खात्याचा फोन तिच्यापाशी आणि पिन तिच्याच मुखी असावा, एवढा हक्क तरी घराने तिला आपण होऊन द्यावा.