आपण वाकायचं की प्लेटनं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक काकू हळदीच्या वावरात घसरून पडल्या. कोपर सुजलं. आम्ही त्यांना फोटो काढायला नेलं. खाली कडक प्लेट आणि वरून हुकूम, "हात सरळ ठेवा." काकू कळवळल्या. म्हणाल्या, "हात असाच राहू द्या, पण फोटो नको." तेव्हा आम्हाला प्रश्न पडला, ही प्लेटच का वाकत नाही?

ही गोष्ट सुरू होते जर्मनीत. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन या शास्त्रज्ञाला एक्स-रे सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्था यांचा हात काचेच्या प्लेटवर ठेवला. पंधराएक मिनिटं हात हलवायचा नव्हता. फोटोत हाडं दिसली आणि बोटातली अंगठीही! म्हणजे एक्स-रेचा पहिला गाजलेला फोटो एका बाईच्या हाताचा आहे.

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. मारी क्यूरी यांनी एक्स-रे यंत्रं मोटारीत बसवून जखमी सैनिकांपर्यंत नेली आणि सुमारे दीडशे बायकांना ती चालवायला शिकवलं. पण काचेच्या प्लेटा जड, फुटणाऱ्या. मग त्यांच्या जागी फिल्म आली. फिल्म वाकते, पण ती ठेवायची कडक डब्यात. पुढे कॉम्प्युटरवर फोटो दाखवणारी प्लेट आली, तर तिच्या आतही बहुधा काचच! सव्वाशे वर्षं प्लेट सपाट राहिली आणि दुखरा हात सरळ करायचा आपण.

२०२१ मध्ये चीन आणि सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी रबरासारख्या सिलिकॉनमध्ये बारीक कण मिसळून ताणता येणारा पडदा केला. तो गोल वस्तूला गुंडाळता येतो. कण एक्स-रेची ऊर्जा धरून ठेवतात, नंतर पडदा तापवला की चित्र उजळतं. पंधरा दिवसांनीही ते मिळतं.

हा पडदा अजून आपल्या दवाखान्यांत आलेला नाही. म्हणून वाट बघत दुखणं अंगावर काढू नका. हात सरळ होत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, वेगळ्या बाजूनं फोटो काढता येईल का ते विचारा. दिवस गेले असतील किंवा शंका असेल, तर ते आधी सांगा.

काकूंचा फोटो शेवटी निघाला. हात वाकवलेलाच ठेवून, कोपराखाली घडी केलेली चादर देऊन. हाड मोडलेलं होतं, वेळेत कळलं. आता आमच्या गटात ठरलंय, फोटोला कुणी एकटी जाणार नाही.